डब्यातले एकवीसशे

४ जानेवारी

प्रिय वन्सं,

आधी देवाला नमस्कार, मग तुम्हाला. फोन असताना हिला कागद-पेन कुठून सुचलं, म्हणून हसाल. पण फोन ह्यांच्या खिशात असतो, आणि मला जे बोलायचं ते ह्यांच्यासमोर बोलता येत नाही.

नव्या घरात येऊन दोन महिने झाले. जो तो विचारतो, "काय, स्वतःच्या घरात झोप छान लागत असेल?" मी मान डोलावते. खरं सांगू? भाड्याच्या खोलीत मी बिनघोर होते. तिथे नळ गळला की घरमालकाच्या नावानं बोटं मोडायची आणि खाली बादली ठेवायची. इथे नळ गळला की रात्री उठून थेंब मोजत बसते. परवा न्हाणीघराच्या भिंतीवर चार बोटं ओल दिसली. रोज सकाळी पट्टी लावून मोजते. ह्यांना सांगितलेलं नाही.

पण खरी भीती ओलीची नाही. बँकेत चष्मेवाली एक मुलगी बसते. तिनं मला हप्त्याचा कागद समजावून दिला. चौदा हजार हप्ता, त्यात जवळजवळ बारा हजार नुसतं व्याज. मुद्दलातून कमी होतात जेमतेम एकवीसशे. पोतंभर दळण द्यावं आणि ओंजळभर पीठ घरी यावं, तसं. असे हप्ते दोनशे चाळीस. तुमचे दादा आता सेहेचाळीस वर्षांचे. छापखान्यात साठीला हातात नारळ देतात. शेवटचा हप्ता येईल तेव्हा हे सहासष्ट वर्षांचे असतील. मधली सहा वर्षं हप्ता कुठून आणायचा? हा हिशेब मी चारदा मांडला, चारही वेळा सहाच आले.

माझा चेहरा बघून ती मुलगी म्हणाली, "काकू, हप्त्याशिवाय महिन्याला आणखी एकवीसशे भरलेत तर ते सरळ मुद्दलातून वजा होतील. वीस वर्षांचं कर्ज चौदा वर्षांत फिटेल." सेहेचाळीस आणि चौदा साठ! मला वाटलं, देवच चष्मा लावून काउंटरमागे बसलाय.

घरी आले, ह्यांना हातपाय धुऊन देवासमोर बसवलं. शपथ घातली. ह्यांनी दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाचे पंधरा हजार माझ्या हातावर ठेवायचे, त्यात एक पैसा कमी नाही. त्यातून वाचतील ते एकवीसशे मी देवापुढच्या डब्यात टाकायचे आणि दोन तारखेला बँकेत भरायचे. त्या डब्याला कोणत्याही कारणानं हात लावायचा नाही. ह्यांनी डब्यावर हात ठेवला.

दूध अर्ध्या लिटरवर आणलं. इस्त्री घरी. बाजारात जाता-येता चालत. वर्तमानपत्र बंद केलं तेव्हा हे म्हणाले, "छापणाऱ्याच्याच घरी पेपर बंद!" माझं औषध दोनशे. सगळं वहीत लिहिलं आहे. तुम्ही दवाखान्यात नर्स, शहाण्या माणसांत वावरता. काही चुकत असेल तर सांगा.

तुमची,
वहिनी

---

१५ जानेवारी

वहिनी,

मी देवाला सवडीनं भेटते, आधी तुला.

आमच्या वॉर्डात ताप मोजतात तशी तू भिंतीची ओल मोजतेस हे वाचून डबा खाता खाता ठसका लागला. भिंतीला बरं वाटेल गं. माणसं बघ आधी.

कर्ज लवकर फेडायचं हे शंभर टक्के बरोबर. सहा वर्षांचा आकडा मला सुचला नसता. मी पगार झाला की पंधरा तारखेपर्यंत राणी आणि नंतर भिकारीण. पण एक सांगते. जादा भरायच्या आधी दोन-तीन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला टाक. रुग्ण बरा असतानाच आम्ही ऑक्सिजनचं नळकांडं भरून ठेवतो. धाप लागल्यावर आणायला धावत नाही.

आणि शपथ कशाला घातलीस? तुला माहेरची माणसं माहीत, माझा भाऊ माहीत नाही. लहानपणी आईनं "देवाशपथ खरं सांग" म्हटलं की दादा न फोडलेली कपबशीसुद्धा कबूल करायचा. शपथ म्हटली की त्याचं डोकं चालत नाही, नुसती मान चालते.

तिसरी गोष्ट. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या मी आमच्या डॉक्टरांकडून तुला लिहून आणल्या होत्या, त्या महिन्याला चारशेच्या होतात. तुझ्या वहीत दोनशे कसे?

तुझी नणंद,
(पंधरा तारीख असल्यामुळे आजपासून भिकारीण)

---

६ एप्रिल

प्रिय वन्सं,

देवाच्या कृपेनं चारदा एकवीसशे भरून झाले. पावत्या डब्याखाली ठेवते. चष्मेवाली आता मला ओळखते.

तीन हप्ते बाजूला टाका म्हणता, म्हणजे बेचाळीस हजार! ते साठेपर्यंत जादा कधी भरायचं? आणि घरात मोकळा पैसा म्हणजे मांजरापुढं ठेवलेलं दूध. अडीअडचणीला देव आहे.

तुम्हाला लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. हसू नका. साबणाबद्दल लिहिते आहे.

धुण्याच्या साबणाच्या महिन्याला चार वड्या लागतात. निम्म्या ह्यांच्या शर्टांच्या बाह्यांवर जातात. मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगावर शाई यायचीच. मार्चमध्ये वही जुळवायला बसले तर अडीच वड्या. आधी खूश होऊन 'बचत' असं लिहिलं. लिहिता लिहिता हात थांबला. मी काही कमी साबण लावत नव्हते. उठून ह्यांचा शर्ट हुंगला. बावीस वर्षं ज्या वासाला मी नाक मुरडलं, तो शाईचा वास नव्हता. पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास होता.

दुसरं म्हणजे बूट. तळवे झिजून कागद झालेत. बसनं जाणाऱ्या माणसाचे बूट असे झिजतात? यायलाही पाऊण तास उशीर होतो. विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." कोणत्या डॉक्टरांनी? कधी? वन्सं, ह्यांना मशीनजवळ उभं राहवत नसेल. काहीतरी मोठं दुखणं आहे आणि माझ्यापासून लपवताहेत. जेवताना मी ह्यांच्या घासाकडे बघत बसते. कमी झालेत. भात पुन्हा घेत नाहीत.

तुम्ही नर्स आहात. आडून आडून विचारा. माझं नाव सांगू नका.

ओल सहा बोटं झाली.

वहिनी

---

१४ एप्रिल

वहिनी,

दादाशी बोलले. त्याला कसलंही दुखणं नाही. हे मी नर्स म्हणून सांगते आहे, बहीण म्हणून नाही, तेव्हा विश्वास ठेव. चालणं चांगलंच. बूट नवे घ्या.

आता मी सांगते ते ऐक. दोन-तीन महिने जादा भरणं थांबव. डबा तसाच भरू दे, पण बँकेत नेऊ नकोस. का, ते विचारू नकोस. मोठ्या नणंदेचा हुकूम म्हण. वयानं तुझ्याहून लहान आहे, पण नणंद या नात्याला वय नसतं.

माझ्याकडे पाच हजार नुसते पडून आहेत. पाठवू का? उगाच साड्यांत जातील.

आणि दोनशेचं उत्तर तू दिलं नाहीस. गोळी अर्धी करून घेतेस ना? वहिनी, मी रोज वॉर्डात असली माणसं बघते. गोळीची बचत करून आलेली. त्यांना खाटेवरून उठून घरखर्चाची वही लिहिता येत नाही. बाकी काही ऐकू नकोस, पण हे ऐक.

तुझी नणंद

---

२ जून

वन्सं,

तुमच्या एप्रिलच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. वाटलं, नणंद ती नणंदच. हिचं घर लवकर मोकळं होतंय हे बघवत नाही. देवासमोर नाक घासून क्षमा मागितली आहे, आता तुमची मागते.

आज डब्यातले एकवीसशे घेऊन बँकेत गेले. सहा महिने झाले म्हणून खात्याचा कागद मागितला. माझ्या वहीप्रमाणे मुद्दल साडेतेवीस हजारांनी उतरायला हवं होतं. सहा हप्ते, पाच वेळा जादा. कागदावर उतरले होते सहा हजार तीनशे. मी म्हटलं, "ताई, हा कागद दुसऱ्या कुणाचा आहे."

ती म्हणाली, "नाही काकू, तुमचाच. बसा, पाणी घ्या."

खाली लाल शिक्का होता. दंडासकट थकबाकी तेरा हजार दोनशे. एक पूर्ण हप्ता थकल्यास फाइल वसुलीकडे पाठवण्यात येईल. पुढचा हप्ता दहा तारखेला.

ती मुलगी "थांबा, समजावून सांगते" म्हणत होती. मला तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. एकवीसशे न भरता तशीच निघाले. आमच्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली. पायरीवर बसले, कठड्याला डोकं टेकलं आणि देवाचं नाव घ्यायला गेले, तर तोंडात आकडेच आले. तेरा हजार दोनशे, तेरा हजार दोनशे.

घर जाईल का हो वन्सं? मी ज्या ज्या भिंतीवर हात ठेवते, ती ती पाहुणी वाटते. पावत्या माझ्याजवळ आहेत, मग पैसे गेले कुठं? बँकेनं खाल्ले म्हणावं तर देवाधर्माची भीती वाटते. दुसरं कुणी म्हणावं तर त्याहून जास्त वाटते. हे आत्ता स्वयंपाकघराच्या दारात उभे आहेत. "कुणाला लिहितेस?" म्हणाले. मी म्हटलं, "वन्संना. खुशाली." ह्यांना विचारायची हिंमत होत नाही. विचारलं तर उत्तर देतील, याचीच भीती.

तुम्ही मला थांबवत होता. म्हणजे तुम्हाला माहीत आहे. होय, गोळी अर्धी करते. जानेवारीपासून. मी माझं खरं सांगितलं. आता तुम्ही सांगा. दहा तारखेच्या आत सांगा.

वहिनी

---

४ जून

वहिनी,

पत्र आत्ता मिळालं. ड्यूटी अर्ध्यावर दुसरीला दिली आणि चादरी ठेवायच्या खोलीत बसून लिहिते आहे.

दादानं मला शपथ घातली होती. तुझीच विद्या. ती मोडते. पाप लागलं तर माझ्या नावावर लिही, माझ्या वहीत तशीही जागा पुष्कळ आहे.

जानेवारीच्या अखेरीला छापखान्यानं दादाचं जुनं मशीन भंगारात काढलं. नवं आलं ते दोन पोरं चालवतात, बटणं दाबून. दादाला खाली बांधणीच्या खोलीत पाठवलं. खोकी चिकटवायची, गठ्ठे मोजायचे. जादा तासांची मजुरी बंद, पगार चोवीस हजारांवर. बावीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, वहिनी. मला फोनवर म्हणाला, "हात रिकामे असल्यासारखे वाटतात गं."

तुला पंधरा हजार तो आजही मोजून देतो. राहतात नऊ. हप्ता चौदाचा. म्हणून दर महिन्याला बँकेत जाऊन नऊ हजार हातानं भरतो आणि पाच थकतात. बसचे पैसे वाचवतो म्हणून बूट झिजले. मी म्हटलं, "वहिनीला सांग. तिच्या डब्यात पैसे आहेत." तर म्हणाला, "देवापुढचा डबा आहे. ती दूध पुरवून पुरवून वापरते, मी बघतो ना. कोणत्या तोंडानं मागू?"

माझी चूक झाली. तुला थांबवलं, पण कारण सांगितलं नाही. नुसतं नाडीवर बोट ठेवून गप्प बसणारी नर्स काय कामाची!

पाच हजार दादाच्या खात्यात टाकले आहेत. विचारायला थांबले नाही. बँकेत पुन्हा जा, त्या मुलीचं पूर्ण ऐकून घे, आणि दादाला बरोबर ने. त्याच्यावर ओरडायचं असेल तर घरी ओरड. आणि हे पत्र खाली ठेवायच्या आत एक अख्खी गोळी घे. अख्खी. मोडू नकोस.

तुझी,
वन्सं

---

१२ जून

प्रिय वन्सं,

आधी देवाला, मग तुम्हाला. या खेपेला तुम्हालाच आधी म्हणणार होते, पण सवय जात नाही.

तुमचं पत्र सहा तारखेला आलं. गोळी घेतली, अख्खी. मग दिवसभर देवासमोर बसले. प्रार्थना अशी काही सुचेना. एवढंच म्हटलं, तुझं नाव घेऊन मी माझ्याच माणसाचं तोंड बांधलं. शपथ मी घातली होती, मीच सोडवते. डबा उचलला आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

हे आले. बूट काढत होते. मी म्हटलं, "दमलात?"

"बसला गर्दी होती."

"पुठ्ठ्याची खोकी भरली होती का बसमध्ये?"

बूट हातातच राहिला. मग ह्यांचं लक्ष डब्याकडे गेलं, आणि शेजारी मी गोळ्यांची पट्टी ठेवली होती तिकडे. अर्ध्या अर्ध्या गोळ्या कागदाच्या पुडीत. ह्यांनी पुडी उघडली, पाहिली. आवाज चढला, तोही माझ्यावर. "हे काय चालवलंयस तू? मरायचंय?" लग्नापासून ह्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. मला बरं वाटलं.

मी विचारलं, "पंधरा हजार माझ्या हातावर का ठेवत राहिलात?"

"देवासमोर कबूल केलं होतं."

"आणि हप्ता?"

म्हणाले, "हप्त्याची शपथ तू घातली नव्हतीस."

वन्सं, मी हसले. आधी हसले आणि मग जे व्हायचं ते झालं. हे माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या हाताला खळीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेलो. चष्मेवालीनं कागद आमच्याकडे फिरवून धरला. म्हणाली, "काकू, खात्यात थकबाकी असली की आलेला पैसा आधी तिकडे जातो, मग मुद्दलाकडे. तुमचे जानेवारीचे एकवीसशे तेवढे मुद्दलात गेले. पुढचे चार वेळचे त्या त्या महिन्याच्या थकबाकीत. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि म्हणूनच भरताय."

मी म्हटलं, "म्हणजे वाया गेले."

"वाया? तुम्ही ते भरले नसतेत तर काका आज दीड हप्त्यानं मागे असते. फाइल एप्रिलमध्येच माझ्या टेबलावरून गेली असती. तुम्ही आठशेनं वाचलात."

आठशे, वन्सं! मी चौदा वर्षांचं स्वप्न म्हणून जे भरत होते, ते ह्यांच्या मागे वाढत जाणाऱ्या खड्ड्यात पडत होतं, आणि खड्डा माझ्याच घरखर्चासाठी पडत होता. ह्यांनी मला द्यायचं, मी पोटाला चिमटा घेऊन डब्यात टाकायचं, आणि डब्यातून ते ह्यांच्याच थकबाकीत. दोघंही एकमेकांना न सांगता एकच बादली ओढत होतो. रस्त्यानं येताना हे म्हणाले, "बस घेऊ?" मी म्हटलं, "आज घेऊ."

थकबाकी थोडी थोडी करून फेडू द्या, असा मी दिलेला अर्ज बँकेनं ठेवून घेतला आहे. अक्षर माझं, सही दोघांची. डब्यातले एकवीसशे आणि तुमचे पाच हजार भरले. राहिले सहा हजार शंभर, ते महिन्याला हजार-हजार करून द्यायचे. ह्यांनी एक तारखेला दिलेल्या पंधरातले पाच मी परत दिले आणि दहा तारखेचा हप्ता पुरा गेला. पावती आली ती दोघांनी आळीपाळीनं वाचली.

आता घरखर्चाला दहा हजार, त्यातलेच एक हजार त्या थकबाकीला. वही आम्ही दोघांनी मिळून मांडली. हे गठ्ठे मोजायला शिकलेत, आकडे भरभर बोलतात. औषध चारशे, हे पहिल्या ओळीत ह्यांनी स्वतः लिहिलं. बूट दुसऱ्या ओळीत मी लिहिले. तुमचे पाच हजार 'वन्संचे, फेडायचे' म्हणून लिहिले आहेत, नको म्हणालात तरी. थकबाकी संपली की आधी तुमचं ते ऑक्सिजनचं नळकांडं भरायचं, मग जादाचा विचार. चौदा वर्षांचा हिशेब असलेलं पान फाडलं नाही. दुमडून ठेवलं आहे.

म्हणजे शेवटचा हप्ता पुन्हा सहासष्टाव्या वर्षावर गेला. भीती वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल आणि हे पत्र आता ह्यांनाही वाचून दाखवायचं आहे. भीती वाटते. भाजी निवडताना वाटते, साबण लावताना वाटते. छापखान्यात उद्या खोकी चिकटवायचंही मशीन आलं तर? हे मी परवा मोठ्यानं बोलून गेले. हे म्हणाले, "मलाही तेच वाटतं. रोज वाटतं." मग आम्ही दोघांनी जेवून घेतलं. ह्यांनी भात पुन्हा घेतला.

सवड काढून या. घर बघायचं राहिलंय तुमचं.

वहिनी

ता. क. ह्यांना ओल दाखवली. आज सकाळी ह्यांनी मोजली, पट्टी मी धरली होती. साडेसात बोटं आहे. दोघांनीही पाहिली.